सुट्टी मिळाली, पण कळलं काय?

दवाखान्यातून घरी सोडण्याला गावाकडे ‘सुट्टी झाली’ म्हणतात. शब्द गोड आहे आणि घोळही त्यातच आहे. शाळेला सुट्टी लागली की दप्तर कोपऱ्यात जातं, तशी दवाखान्याची पिशवी घरी पोचताच खुंटीला लागते. लेकराचं अर्धं दुखणं मात्र अजून बाकी असतं आणि ते घरात, आईच्या हातून बरं व्हायचं असतं.

सातपुड्याच्या पाड्यावरून आलेला एक बाप मला मुलांच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर भेटला होता. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात तीन बाटल्या, एक गोळ्यांची पट्टी, क्ष-किरणाचा फोटो आणि घडी घातलेलं डिस्चार्ज कार्ड. घरची बोली पावरी, मराठी बाजारापुरती. “सिस्टरनी सांगितलं का सगळं?” तो म्हणाला, “हो.” “कळलं का?” पुन्हा “हो.” मग मी विचारलं, “दादा, घरी गेल्यावर यातली कुठली बाटली कधी देणार?” त्याने बाटल्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसला.

‘कळलं का?’ हा प्रश्नच बिनकामाचा. पांढऱ्या कोटापुढे ‘नाही’ म्हणायची हिंमत शिकलेल्यालाही होत नाही. ‘तुम्ही काय करणार ते सांगून दाखवा,’ असं विचारलं तरच खरं काय ते बाहेर येतं. त्याला पाच-दहा मिनिटं लागतात आणि पैसा एकही लागत नाही. पैसा लागतो तो न कळल्याचा, म्हणून पुढचा हिशेब.

हा लेख त्या बापासाठी नाही, त्याला तो वाचता येणार नाही. त्याच्याबरोबर जाणाऱ्यासाठी आहे. तुम्ही गावातले शिक्षक असाल, आशाताई असाल, शेजारी असाल, नाहीतर तुमच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंचं बाळ दवाखान्यात असेल. सुट्टीच्या दिवशी एक तास तिथे उभे राहा.

बिल किती यायला हवं?

आधी पैशांचं बघू, कारण घाई तिथूनच सुरू होते. बिल वाढेल या धास्तीने माणसं ऐकून न घेताच निघतात.

बाळ वर्षाच्या आतलं असेल आणि सरकारी आरोग्य संस्थेत असेल, तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली उपचार, औषधं, तपासण्या, रक्त सगळं मोफत आहे. ही योजना २०११ मध्ये नवजात बाळांसाठी आली आणि पुढे वर्षापर्यंतच्या आजारी बाळांना लागू झाली. घरी परत सोडणारी गाडीही तिच्यात येते. ही गाडी मागावी लागते, आपण होऊन कोणी विचारत नाही. १०२ वर फोन करा किंवा इन्चार्ज सिस्टरना सकाळच्या राउंडलाच सांगून ठेवा, कारण दुपारी कागद हातात पडल्यावर सांगितलं तर गाडी संध्याकाळी येते.

वर्षापुढच्या मुलांसाठी राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसह उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालयं या निर्णयात धरू नका. तिथे दरांचा फलक वाचा. खासगी रुग्णालय महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असेल तर रेशनकार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. मात्र ते योजनेच्या यादीतल्या उपचारांनाच मिळतं. अशा रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. त्याला तीन गोष्टी विचारा: सुट्टीनंतर दहा दिवसांची औषधं पॅकेजमध्ये आहेत ना, त्या दहा दिवसांतला फॉलोअप धरलाय ना, आणि घरी जायचं एसटीचं भाडं मिळतं ना. तिसऱ्या प्रश्नाला बरेचदा भुवया उंचावतात, पण योजनेच्या पॅकेजमध्ये ते धरलेलं आहे. अडलं तर १५५३८८ हा मोफत क्रमांक लावा.

कुपोषित मुलांच्या पोषण पुनर्वसन केंद्रातून सुट्टी होत असेल तर आईची बुडीत मजुरी मिळते. किती आणि कधी, ते निघण्याआधी विचारा आणि बँक पासबुकाची झेरॉक्स तिथेच देऊन टाका. त्याच कामासाठी पुन्हा यावं लागलं तर मिळालेल्या मजुरीतला मोठा तुकडा गाडीभाड्यातच जातो.

मावशी-मामांच्या चहापाण्याचं काय? द्यायचं नाही. बाळाचे कपडे बदलून दिले म्हणून कोणी आपखुशीने पन्नास रुपये दिले तर तो त्यांचा प्रश्न, पण सुट्टीचा कागद चहापाण्यावर अडत नाही, हे तुमच्याबरोबरच्या माणसाला आधीच सांगून ठेवा.

अंगठा कशावर?

सुट्टीच्या दिवशी दोन-तीन ठिकाणी सही लागते. अंगठा लावणाऱ्याला शाईचं पॅड पुढे सरकवतात आणि कागद उलटतात. इथे थांबा. त्यातला एखादा कागद ‘डामा’चा असू शकतो. डॉक्टरांचा सल्ला नसताना स्वतःच्या जबाबदारीवर मूल नेतोय, असा त्याचा अर्थ. पेरणी अंगावर आलीय, घरी दुसरी लेकरं आहेत, म्हणून ‘आम्हाला जाऊ द्या’ असं बाप वैतागून म्हणतो आणि त्याच्या अंगठ्याने साधी सुट्टी ‘डामा’ होऊन बसते. त्यानंतर बाळ बिघडलं तर परत यायला तो कचरतो, कारण आपण भांडून गेलो असं त्याच्या मनात असतं. कागद मोठ्याने वाचून दाखवा, असं म्हणा. आजार काय आहे आणि उपचार काय चाललाय हे समजेल अशा भाषेत कळणं हा रुग्णाचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तो आहे आणि महाराष्ट्राच्या नर्सिंग होम नियमांत २०२१ च्या दुरुस्तीने खासगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं आहे. भिंतीवरच्या त्या फलकाकडे नुसतं बोट दाखवलं तरी बोलण्याचा सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे.

कार्डावरची लिपी

डिस्चार्ज कार्ड बहुधा इंग्रजीत असतं आणि इंग्रजी येणाऱ्यालाही ते लागेलच असं नाही. ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा, ‘बीडी’ दोनदा, ‘टीडीएस’ तीनदा, ‘एचएस’ झोपताना, ‘एसओएस’ म्हणजे लागलं तरच. आपल्याकडचे बरेच डॉक्टर १-०-१ असं लिहितात, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. शाळा न पाहिलेल्या आईला ती तीन चिन्हं तीन औषधंही वाटू शकतात. डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव शक्यतो मोठ्या, वाचता येईल अशा अक्षरांत लिहावं असा नियम आहे. न लागलेलं अक्षर विचारायला म्हणूनच लाजू नका.

कार्डावरचे तीन शब्द मात्र वाचूनच निघा. पहिला, आजाराचं नाव. ते मराठीत आणि घरच्या बोलीत काय, ते विचारा. दुसरा, सुट्टीच्या दिवशीचं वजन, कारण पुढचा डॉक्टर औषधाची मात्रा त्यावरूनच ठरवतो. तिसरा, पुन्हा यायची तारीख. त्याबद्दल पुढे.

दोन झेरॉक्स काढा. चार-पाच रुपयांत काम होतं. मूळ कार्ड घरी, एक प्रत आशाताईंकडे, एक माता-बाल संरक्षण कार्डात. पूर्ण केसपेपर हवे असतील तर लेखी अर्ज करा. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार ते ७२ तासांत द्यावे लागतात.

बाटल्यांचं गणित

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माझ्या पाहण्यात घरी गेल्यावरच्या चुका बहुतेक बाटलीपाशी होतात.

तापाचं पॅरासिटामॉल घ्या. सिरपच्या एका प्रकारात ५ मिलीला १२० मिलिग्रॅम औषध असतं. त्याच औषधाचे थेंब मिळतात, त्यात एका मिलीलाच १०० मिलिग्रॅम. बाटली छोटी, थेंब तान्ह्यांसाठी, म्हणून औषध सौम्य असेल असं कुणालाही वाटतं. आहे नेमकं उलटं. सिरपसाठी सांगितलेलं ५ मिलीचं माप कुणी थेंबांच्या बाटलीतून भरलं तर १२० ऐवजी ५०० मिलिग्रॅम पोटात जातं, म्हणजे चौपट. घरात जुनी थेंबांची बाटली पडलेली असते आणि दवाखान्यातून सिरप मिळतं, तेव्हा हे घडतं. म्हणून घरी कोणकोणती औषधं आधीपासून आहेत, हे सुट्टीच्या टेबलावरच सांगायचं. कमी दिवसांच्या बाळाला देतात ते ड जीवनसत्त्वाचे थेंबही असेच. एका कंपनीच्या एक मिलीत ४०० युनिट असतात, दुसऱ्या कंपनीच्या ८००. ‘मेडिकल’वाल्याने बाटली बदलून दिली तर माप बदलतं.

दुसरं गणित बाटली पुरण्याचं. पावडरची अँटिबायोटिक बाटली पाणी घालून तयार करतात आणि ती बहुधा ३० मिलीची असते. डॉक्टरांनी ५ मिली, दिवसातून दोनदा, ५ दिवस सांगितलं तर एकूण ५० मिली लागणार. म्हणजे बाटल्या दोन. कार्डावर नाव एकदाच लिहिलेलं असतं, माणूस एक बाटली घेतो, ती तिसऱ्या दिवशी संपते आणि तोवर ताप उतरलेला असल्याने औषध तिथेच थांबतं. दुसरी बाटली शंभराच्या आसपास पडते; ती न घेतल्याने आजार उलटला तर पुन्हा भरती. दुसरी बाटली पहिली संपल्यावरच फोडायची आणि तेव्हाच तिच्यात पाणी घालायचं, तेही उकळून गार केलेलं, बाटलीवरच्या खुणेपर्यंत. काही औषधांना फ्रिज लागतो. घरी फ्रिज नाही, हे डॉक्टरांना सांगा. त्यात कमीपणा काही नाही. शक्य असेल तर ते दुसरं औषध देतील.

जुलाबाच्या मुलांना झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्यायच्या असतात: सहा महिन्यांच्या वर २० मिलिग्रॅमची पूर्ण गोळी, दोन ते सहा महिन्यांना अर्धी. जुलाब थांबतात तिसऱ्या-चौथ्या दिवशी. पुढे गोळी का द्यायची, हे कुणी सांगितलेलंच नसतं, मग उरलेली पट्टी फडताळात पडून राहते. कारण सांगा: पुन्हा पुन्हा जुलाब होऊ नयेत म्हणून. कारण कळलं की माणसं पाळतात, आपणही तसेच आहोत. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्याची असते, छोटी २०० मिलीची. मोठी पुडी पेल्यात टाकली तर ते औषध राहत नाही, खारट विष होतं. पुडी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. दुकानातल्या तयार गोड पेयांवर ‘ओआरएस’ हे नाव वापरायला देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) २०२५ च्या ऑक्टोबरात बंदी घातली, ती उगाच नाही. त्या डब्यांवर पैसे घालू नका.

आता माप. घरातला चमचा कधी तीन मिलीचा असतो, कधी आठ. ‘मेडिकल’मधून बिनसुईची ५ मिलीची सिरिंज घ्या, पाच-दहा रुपयांना मिळते. सिस्टरकडून तिच्यावर हवी तिथे रेघ मारून घ्या. रेघ पुसू नये म्हणून मी नेलपॉलिश वापरलं आहे. लाल ठिपका महिनाभर टिकतो. बाटलीला चिकटपट्टी लावून तिच्यावर सूर्य काढा, चंद्र काढा. दोन वेळचं औषध असेल तर बाटलीच्या गळ्यात दोन रबरबँड. दिवस मोजायला सुतळीला गाठी मारा, रोज एक सोडायची. नाहीतर कुडाच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा. हे पोरखेळ वाटतील, पण चित्रांचा उपयोग तपासून पाहिलेला आहे. न्यूयॉर्कमधल्या एका सार्वजनिक रुग्णालयात मुलांच्या पातळ औषधांबद्दल २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. साध्या चित्रांचे कागद दिलेल्या आणि करून दाखवायला लावलेल्या पालकांच्या मात्रेच्या चुका इतरांपेक्षा कितीतरी कमी निघाल्या.

संपलेली बाटली लगेच फेकू नका. २०२५ मध्ये छिंदवाड्यात खोकल्याच्या विषारी सिरपने लहान मुलं दगावली, त्यातली कित्येक उपचारांसाठी नागपुरात आणली होती. अशा वेळी बाटलीवरचा बॅच क्रमांकच कामी येतो. दोन वर्षांखालच्या मुलाला खोकल्याचं औषध देऊ नये, असा केंद्राच्या आरोग्य खात्याचा तेव्हाचा सल्ला आहे.

दुभाषा कोण?

धडगाव-अक्कलकुव्याकडे भिली-पावरी, मेळघाटात कोरकू, भामरागडकडे माडिया. कोरकू तर मराठीच्या कुळातलीही नाही, ती मुंडा गटातली. अंदाजाने अर्थ लागेल ही आशाच नको. तरी आपल्या वॉर्डांत दुभाष्याची नेमणूक अभावानेच दिसते. मग बाळाची आश्रमशाळेत पाचवीला असलेली बहीण पुढे येते. ‘सकाळ-संध्याकाळ’ ती नीट सांगेल, पण ‘झटका आला तर’ हे वाक्य दहा वर्षांच्या मुलीच्या तोंडून आईपर्यंत नीट पोचेल, अशी अपेक्षा धरणं बरोबर नाही. शेजारच्या खाटेवरचा नातेवाईक चालतो, पण बाळाचा आजार गावभर होऊ नये असं घराला वाटत असेल तर तोही नको. माझी पसंती आशाताईंना. वॉर्डातून त्यांना फोन लावा, स्पीकरवर ठेवा आणि सिस्टरना सांगू द्या. मग आशाताईंनी बोलीत सांगावं आणि आईने त्याच बोलीत परत सांगून दाखवावं. सिस्टरची परवानगी घेऊन हे बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. रात्री दोनला शंका आली तर कागद उपयोगाचा नाही, आवाज आहे.

भाषांतराची ॲपं आली आहेत. केंद्राच्या आदिवासी खात्याने २०२५ मध्ये सुरू केलेल्या ‘आदिवाणी’त भिली आणि गोंडी आहेत. गप्पांना चालतील, औषधाच्या मात्रेला माणूसच हवा.

परदेशातल्या वाचकांसाठी एक गोष्ट. बाळंतपणाला गेलेली आजी दिवसभर बाळ सांभाळते आणि औषधही तिच्याच हातून जातं, म्हणून सूचना तिला मराठीतच कळायला हव्यात. अमेरिकेत सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयाला दुभाषा मोफत द्यावा लागतो. लहान मुलांकडून दुभाष्याचं काम करून घेणं आणीबाणीखेरीज चालत नाही. ब्रिटनच्या एनएचएसमध्येही दुभाष्याचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. ‘मराठी’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर हिंदीवाला जोडून देतील.

एका फेरीची किंमत

‘सात दिवसांनी दाखवा’ असं कार्डावर लिहिलेलं असतं. सात दिवस मोजले की कधी रविवार येतो, कधी त्या डॉक्टरांची ओपीडीच नसते. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. आई-बाप दोघांचे ६२४ बुडाले. एसटीने जाऊन-येऊन माणशी दोनशे धरले तर बापाचे दोनशे, आईला अर्धं तिकीट म्हणून शंभर. पाड्यापासून रस्त्यापर्यंतच्या जीपला सवलत नाही, ते वेगळे. वर चहा-भजी. हजाराची फेरी, आणि ओपीडी बंद. म्हणून तारीख, वार आणि खोली क्रमांक लिहून घ्या. वार आठवडे बाजारावरून सांगा: ‘पुढचा बाजार झाला की दुसऱ्या दिवशी.’ ते विसरत नाहीत. तीच तपासणी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात होईल का, हेही विचारा. नुसतं वजन आणि छाती तपासायची असेल तर बहुधा होते.

एक तारीख मात्र चुकवायचीच नाही. कमी दिवसांचं किंवा दोन किलोच्या आतलं बाळ असेल तर जन्मापासून तीस दिवसांच्या आत डोळ्यांचा पडदा तपासावा लागतो. बाळ पेटीतून घरी येतं, गुटगुटीत दिसू लागतं, डोळेही टपोरे दिसतात आणि मागचा पडदा बिघडत असतो. उशीर झाला तर दृष्टी जाते. सरकारी व्यवस्थेत ही तपासणी मोफत आहे.

घरी आल्यावर पहिल्या ४२ दिवसांत आशाताईंच्या भेटी ठरलेल्या आहेत. त्यांचे २५० रुपये सरकार देतं, घराने काही द्यायचं नाही. या पद्धतीचं मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. नवजात बाळांचे मृत्यू त्यातून किती घटले, ते १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. तिथल्या बाळंतिणीला सांगणारी बाई तिच्याच गावची, तिच्याच बोलीची होती.

लगेच परत कधी यायचं?

हे तोंडी नको, करून दाखवा. बाळ दूध ओढत नाही. प्यायलेलं सगळं उलटतं. झटके येतात. हलवून उठवलं तरी नीट जागं होत नाही. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो. सिस्टरना सांगा, स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवा. शौचात रक्त. यातलं एकही दिसलं तर तारखेची वाट पाहायची नाही, १०८ लावायचा. ती गाडी फुकट आहे, हे दोनदा सांगा, कारण गाडीभाड्याच्या भीतीने रात्र काढणारी घरं मी पाहिली आहेत.

निघताना बाळाच्या हाता-पायावरची सलाइनची सुई काढली आहे का, ते कापड बाजूला करून पाहा. कार्डावर दवाखान्याचा फोन छापलेला असतो, पण तो बरेचदा ऑफिसचा निघतो आणि संध्याकाळनंतर कोणी उचलत नाही. वॉर्डाचा नंबर मागा, बापाच्या मोबाइलमध्ये बाळाच्या नावाने घाला आणि तिथेच उभं राहून लावून पाहा. सिस्टरच्या टेबलावर घंटी वाजली की मग निघा.